मुक्तस्रोत, खुला स्रोत की मुक्त सॉफ्टवेअर?

पाटीवाली:
कॉलेजात आम्ही दहाबारा जणांनी ओपन सोर्सचं, म्हणजे ज्याचा कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) कोणालाही पाहता, बदलता नि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरचं, मंडळ काढलंय. शनिवारी जमतो, कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही ओपन सोर्स प्रणाली चढवतो, एखाद्या प्रकल्पातली चूक हुडकून दुरुस्ती पाठवतो. पहिल्या पत्रकावर ‘मोफत सॉफ्टवेअर मंडळ’ छापलं आणि फसलो. पहिल्याच शनिवारी पंधरावीस जण पेनड्राइव्ह घेऊन दारात! एकाने तर फोटो सजवायच्या महागड्या प्रोग्रॅमची ‘क्रॅक’ (पैसे न भरता चालणारी चोरटी प्रत) आहे का, असं विचारलं. आता पाटी रंगवायची आहे. वरच्या तिघांतलं काय लिहावं? आणि ‘स्रोत’ की ‘स्त्रोत’? त्यावरून आमच्यात दोन तट पडलेत.

खोडरबर:
शेवटचं आधी. स्रोत. धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे; स्रवणे, स्राव हे त्याचेच भाऊबंद. मधला ‘त’ बहुधा ‘स्त्री’, ‘शस्त्र’ लिहायच्या सवयीने घुसतो. ‘स्तोत्र’ निराळं, ते ‘स्तु’पासून. रंगारी ‘त’ घालणारच, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि तो रंगवत असताना शेजारी उभ्या राहा.

उलटतपासणी:
‘मोफत’चा घोळ इंग्रजीतून आलाय. तिथे ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र दोन्ही नांदतात. अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ हा मुक्त संगणकप्रणाली घडवण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्यांच्या ‘फ्री’चा रोख किमतीवर नव्हताच: हवं त्या कामाला वापरा, आत डोकावून अभ्यासा नि बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलंही द्या. पैसे घेऊन विकायलाही आडकाठी नाही. तरी लोक ‘फुकट’च ऐकत राहिले. १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ सुचवला, त्यामागे हा गोंधळ टाळणं हेही एक कारण होतं.

गंमत अशी, की मराठीला हे दुखणं नव्हतंच. आपल्याकडे फुकट ते फुकट आणि मुक्त ते मुक्त. तुमच्या पत्रकाने इंग्रजीचं दुखणं उसनं आणलं. ‘मुक्त सॉफ्टवेअर’ छापलं असतं तर पेनड्राइव्ह घरीच राहिले असते.

कडेकडेने:
राहिले असतेच असं नाही :) पण ‘खुला स्रोत’ का नको? सगळ्यांना कळतं. खुली चर्चा, खुलं पत्र, खुलं मैदान.

उलटतपासणी:
कळतं, पण अर्धंच. खुलं म्हणजे आत पाहता येतं. काही कंपन्या कोड दाखवतात, मात्र बदलून वाटायला मनाई करतात. काचेच्या कपाटातली भांडी: दिसतात, पण चूल मांडताना उपयोग नाही. ओपन सोर्सच्या व्याख्येत ते बसत नाही. परवान्याने बदलायची आणि वाटायची मुभा द्यावीच लागते. ती मुभा ‘मुक्त’मध्ये जास्त नीट उतरते, म्हणून माझं मत ‘मुक्तस्रोत’ला.

फक्त शब्दांची अदलाबदल करू नका. ‘मुक्त’ आधी आला तर तो गुण सांगतो, मागून आला तर सुटका: व्यसनमुक्त, कर्जमुक्त. एका प्रमाणपत्रावर मी ‘स्रोतमुक्त प्रणाली’ वाचलंय. म्हणजे जिचा कोड कधी हाती लागायचाच नाही अशी! परीक्षकांची सही होती खाली.

कडेकडेने:
बरं, ओपन वेबला काय म्हणाल? तिथेही मुक्तच?

उलटतपासणी:
तिथे मी पक्ष बदलतो. वेबचा मुद्दा शिरकावाचा आहे. कोणाची परवानगी न काढता कुणीही पान टाकावं, कुठल्याही ब्राउझरमध्ये ते उघडावं. वेब जिथे जन्मलं त्या सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सर्वांना विनामूल्य वापरायला सोडून दिलं. दार सताड उघडं टाकल्यासारखंच ते. ‘मुक्तद्वार’ हा आपला जुना शब्द चपखल बसतो, पण पाटीला जड होईल. ‘खुलं वेब’ पुरे.

खोडरबर:
‘खुलं जाळं’ मात्र नको. माशांना आमंत्रण दिल्यासारखं वाटतं.

पाटीवाली:
😀 एक राहिलंच. ‘कॉन्ट्रिब्यूशन’ला आमच्यातले काही ‘योगदान’ म्हणतात. मला तो शब्द ऐकला की हार घातलेला फोटो दिसतो.

कडेकडेने:
‘हातभार’! मी पहिल्यांदा पाठवलेली दुरुस्ती एका शब्दाची होती, सूचनापत्रात ‘टेह’ला ‘द’ केलं होतं. म्हणजे इंग्रजी ‘द’ची अक्षरं उलटसुलट पडली होती, ती सरळ केली. दोन दिवसांनी ती प्रकल्पात मिसळून घेतली गेली. त्याला योगदान म्हणायला जीभ रेटेना, हातभार खुशाल म्हणालो. नवख्याला ‘योगदान द्या’ म्हटलं की तो बिचकतो. ‘हातभार लाव’ म्हटलं की बाह्या सरसावतो.

खोडरबर:
सहमत. आणि ‘फोर्क’ला, म्हणजे प्रकल्पाची प्रत घेऊन ती वेगळ्या वाटेने वाढवण्याला, कोणी ‘फाटा’ सुचवला तर ‘फाटा फुटला’ म्हणा, ‘फाटा दिला’ नको. फाटा दिला म्हणजे प्रकल्प गुंडाळला.

पाटीवाली:
ठरलं तर. वर ‘मुक्तस्रोत मंडळ’, खाली बारीक अक्षरांत ‘खुल्या वेबसाठी हातभार, दर शनिवारी’. रंगाऱ्याशेजारी मीच उभी राहणार. ‘मोफत’वाली दोनेकशे पत्रकं उरलीत, पण पाठकोरी आहेत. या शनिवारच्या चुकांची यादी त्यांवरच करू.