सार्वजनिक जीवनातले 'जोशी': जुनी छायाचित्रे एकत्र मांडताना ओळख कशी पक्की करावी?

ओसरी:
'जोशी' या एकाच आडनावाच्या धाग्यात सार्वजनिक जीवनातली जुनी छायाचित्रे ओवायची आहेत. काळ साधारण १८७० ते १९६०. सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी), डॉ. आनंदीबाई, ना. म. जोशी, वामन मल्हार, एस. एम., तर्कतीर्थ आणि कॉम्रेड पी. सी. जोशी ही नावे नक्की केली आहेत. चित्रे तीन ठिकाणांहून येतात: संग्रहालयांची संकेतस्थळे, जुन्या मासिकांतली कात्रणे आणि घरगुती अल्बममधले मूळ प्रिंट.

अडचण ओळखीची आहे. बऱ्याच चित्रांखाली नुसते 'श्री. जोशी' किंवा 'कॉ. जोशी' छापले आहे. समूहचित्रांत तर कोणता जोशी कुठे उभा आहे तेच कळत नाही. चेहऱ्यावरून ठरवणे कितपत भरवशाचे? सन कसा काढायचा? स्कॅन किती रिझोल्यूशनला करावे, आणि यातले काय उघडपणे छापता येते?

तळटीप:
चेहरा सर्वांत शेवटी बघा. आधी प्रसंग, मग शेजारी कोण आहेत, मग वय.

कामगार चळवळीचेच घ्या. कम्युनिस्ट कामगार नेते डांगे एका चित्रात आहेत आणि बाजूला 'जोशी' आहेत, एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण डांग्यांबरोबर तीन वेगवेगळे जोशी सापडतात. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात संयुक्त संप समितीत डांग्यांसोबत होते ते ना. म. जोशी. मीरत कटाच्या, म्हणजे कम्युनिस्ट व कामगार नेत्यांवरच्या खटल्याच्या, आरोपींत होते ते पी. सी. जोशी. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठावर दिसतात ते एस. एम. समिती स्थापन झाली ६ फेब्रुवारी १९५६ ला आणि ना. म. वारले मे १९५५ मध्ये. म्हणजे समितीच्या कोणत्याही सभेच्या चित्राखाली 'एन. एम. जोशी' असेल तर ती ओळ चूक, चेहरा न बघताही सांगता येते. पुसट छपाईत 'एस. एम.' चे 'एन. एम.' सहज होते, म्हणून ही तपासणी आधी करून टाका.

१९४० च्या दशकातल्या मुंबईतल्या चित्रांत गोंधळ ना. म. आणि पी. सी. यांच्यात होतो. तिथे वय कामी येते. ना. म. यांचा जन्म १८७९ चा, पी. सी. यांचा १९०७ चा. एक साठीच्या घरातला, दुसरा पस्तिशी-चाळिशीतला. एवढे अंतर खराब छपाईतही लपत नाही.

मीरतच्या तुरुंगाबाहेर काढलेले पंचवीस आरोपींचे समूहचित्र तुमच्या यादीत येणारच. त्यात मधल्या रांगेत उजवीकडून दुसरे पी. सी. जोशी आहेत, अगदी कडेला मुझफ्फर अहमद. मागच्या रांगेत डावीकडून दुसरे एस. एस. जोश, म्हणजे सोहनसिंग जोश. रोमन लिपीतल्या शोधात 'जोश' आणि 'जोशी' एकत्र येतात आणि कापलेली चित्रे भलत्याच नावाने फिरतात. नावांची ओळ डावीकडून उजवीकडे आहे, पण बघणाऱ्याच्या डावीकडून. समूहचित्र लावताना तीनही रांगांतली माणसे मोजून नावांशी जुळवा: मागे ८, मध्ये १०, पुढे ७. आकडा जुळला नाही तर कडेचा कुणीतरी कापला गेला आहे असे समजा आणि त्या प्रतीवरून ओळख ठरवू नका.

सार्वजनिक काकांसाठी एकच कसोटी पुरते. ते २५ जुलै १८८० ला वारले, काँग्रेस जन्मली डिसेंबर १८८५ मध्ये. काँग्रेसच्या अधिवेशनाच्या चित्रात त्यांचे नाव दिसले तर ते काढून टाका. पुस्तकांत त्यांची जी चित्रे दिसतात ती बहुधा नंतर काढलेल्या किंवा रंगवलेल्या प्रतिमेवरून छापलेली असतात, म्हणून त्याखाली 'छायाचित्र' न लिहिता 'प्रतिमा' लिहिलेले बरे.

जुने_बाड:
'वामन जोशी' नाव आले की थांबा. वामन मल्हार वेगळे (१८८२ ते १९४३) आणि अमरावतीचे वीर वामनराव जोशी वेगळे. वीर वामनरावांच्या वडिलांचे नाव गोपाळ. दोघेही लेखक, दोघांचाही सार्वजनिक चळवळीशी संबंध, काळही तोच. 'वा. म.' की 'वा. गो.' हे मूळ छापील ओळीत पाहिल्याशिवाय नाव लावू नका. 'मल्हार जोशी' असे शोधले तर ना. म. आणि वा. म. दोघेही पुढे येतात, तिथेही आद्याक्षर बघा.

'शास्त्री जोशी' चेही तेच. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री (१९०१ ते १९९४) आणि भारतीय संस्कृतिकोशाचे महादेवशास्त्री हे दोघे कोशकारच, त्यामुळे विद्वत्सभांच्या चित्रांत सरमिसळ होते. साहित्य संमेलनांची समूहचित्रे इथे आधाराला घ्या. अध्यक्ष बहुधा मधल्या खुर्चीवर असतो आणि गाव व साल संमेलनांच्या यादीत मिळते. १९३० चे मडगाव संमेलन वामन मल्हारांचे, १९५४ चे दिल्ली संमेलन तर्कतीर्थांचे.

यादीत बायकांत फक्त आनंदीबाई आहेत. महादेवशास्त्रींच्या पत्नी सुधाताई जोशी गोवा मुक्तिलढ्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात होत्या. त्यांना जागा हवीच.

मराठी मासिकाच्या अंकावर फक्त शकाचे वर्ष असेल तर इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. शके १८४२ चा आश्विन म्हणजे १९२०, पण त्याच शकातला माघ १९२१ मध्ये पडतो. महिना न बघता नुसते ७८ मिळवल्यामुळे कित्येक चित्रे एक वर्ष मागे गेली आहेत. शिवाय अंकाचे साल हे छापल्याचे साल असते, चित्र काढल्याचे नव्हे. मृत्युलेखाबरोबरचे चित्र वीस वर्षे जुने असू शकते.

काचपट्टी:
आनंदीबाईंच्या एका चित्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तारीख कशी काढावी याचा तो उत्तम नमुना आहे.

तीन विद्यार्थिनींचे ते प्रसिद्ध छायाचित्र: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या इस्लामबुली, पेनसिल्व्हेनियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय. तारीख १० ऑक्टोबर १८८५. चित्राखालच्या नावांत मात्र तिघींच्याही आधी 'डॉ.' आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे ती ओळ चित्रानंतर निदान चार वर्षांनी लिहिली गेली. तिच्यात आनंदीबाईंचे नावही 'आनंदाबाई' असे पडले आहे. चित्र आणि त्याखालचा मजकूर हे दोन वेगळ्या काळचे पुरावे आहेत, त्यांची नोंद वेगवेगळीच ठेवा. हे चित्र 'डॉक्टर झाल्यानंतरचे' म्हणून नेटवर फिरते ते या 'डॉ.' मुळेच.

शोधताना आडनावाचे रोमन स्पेलिंग बदलून बघा. आनंदीबाईंच्या बाबतीत शेवटी दोन 'ई' असलेले स्पेलिंग (Joshee) अमेरिकी संग्रहांत चालते. फक्त आजच्या पद्धतीने शोधलेत तर अर्धे काही हाती लागणार नाही.

आता स्कॅनिंग. पुठ्ठ्यावर चिकटवलेला छोटा प्रिंट, पुठ्ठा साधारण ६.३ × १० सेंमी, असेल तर १२०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल). कॅबिनेट कार्ड, म्हणजे तसाच पण मोठ्या पुठ्ठ्यावरचा प्रिंट, साधारण १०.८ × १६.५ सेंमी, असेल तर ६०० पुरे. चित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीतच करा, निदान २४ बिट. पिवळटपणा, डाग, हाताने दिलेला रंग हे सगळे पुरावे आहेत. ग्रेस्केलमध्ये ते एकजीव होऊन जातात. मूळ फाइल टिफ. कॅबिनेट कार्डाची ती सुमारे ३० एमबी होते, छोट्या कार्डाची ४० च्या वर. नेटवर टाकायला त्यावरून वेगळी जेपेग काढा. कार्डाची मागची बाजूही स्कॅन करायची, कोरी असली तरी. स्टुडिओचे नाव, पत्ता, पेन्सिलने लिहिलेला क्रमांक तिथेच असतो, आणि स्टुडिओचा पत्ता बदलल्याचे साल मिळाले तर चित्राचे दशक ठरते.

कात्रणांचे तंत्र वेगळे. छापील चित्र ठिपक्यांच्या जाळीचे असते. ते ३०० ला स्कॅन केले की जाळी आणि स्कॅनरचे पिक्सेल एकमेकांत अडकून लाटांसारखी नक्षी उमटते. १२०० ला घ्या, ठिपके सुटे दिसले पाहिजेत, मग हलका ब्लर देऊन आकार निम्मा किंवा पाव करा. स्कॅनरमधली 'डीस्क्रीन' (जाळी पुसण्याची) सोय मूळ फाइलवर वापरू नका, फक्त प्रतीवर.

जिलेटिन प्रिंटच्या कडांना निळसर चांदीसारखी चकाकी आली असेल तर स्कॅनर ती पांढरी पकडतो. असा प्रिंट स्कॅन न करता सपाट ठेवून वरून कॅमेऱ्याने घ्या, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून दिवे. चिकट पानांच्या अल्बममधून चित्र ओढून काढू नका, कोपरा फाटतो. मेण नसलेला डेंटल फ्लॉस मागून करवतीसारखा सरकवत न्या. जमेना तर आख्ख्या पानाचेच चित्र घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. चेहरा 'स्पष्ट' करून देणारी एआय साधने या कामात अजिबात नकोत. ती डोळे, दात, मिशी आपल्या मनाने भरतात. तो चेहरा जोश्यांपैकी कुणाचाच राहत नाही, आणि पुढच्या माणसाने त्यावरून ओळख पटवली तर चूक कायमची रुजते.

उलटे छापलेले चित्रही तपासा. भिंतीवरची पाटी, बॅनर, कोटाची बटणे बघा. उलट्या चित्रात रांगेचा क्रम फिरतो आणि कडेचे दोघे एकमेकांच्या नावाने ओळखले जातात.

ओसरी:
छान तपशील, आभार. नोंद कशी ठेवावी? आणि हक्कांचे?

तळटीप:
प्रत्येक चित्राला चार रकाने: छापील ओळ जशीच्या तशी, चुकांसकट, मागचे लिखाण, आपला निष्कर्ष, निष्कर्षाचे कारण. ओळखीपुढे 'पक्की', 'बहुधा' किंवा 'अनिश्चित'. प्रसंग, शेजारची माणसे आणि छापील नाव यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तरच 'पक्की'. फाइलच्या नावात आधी साल, मग गाव, मग आद्याक्षरे. आडनाव सगळ्यांचे एकच असल्यामुळे ते शेवटी टाका, नाहीतर यादी लावताना काही उपयोग नाही. मूळ प्रिंटवर लिहायचेच असेल तर मागे, कडेला, मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

मसुदा:
हक्कांपुरते. भारतात कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्रांना प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे संरक्षण होते. त्यामुळे १९५१ अखेरपर्यंत भारतात प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची मुदत दुरुस्ती लागू होण्याआधीच संपली, ती छापायला अडचण नाही. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्यांना आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असा हिशेब आहे. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या काळातल्या एस. एम. यांच्या चित्रांसाठी छायाचित्रकार किंवा वृत्तपत्र शोधून परवानगी घ्या. छायाचित्रकाराचे नाव कुठेच नसेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षे धरतात, पण आधी नाव शोधण्याचा खरा प्रयत्न करून त्याची नोंद ठेवा.

घरगुती अल्बममधले, कधीच न छापलेले चित्र या सोप्या हिशेबात बसत नाही. प्रिंट ज्यांच्याकडे आहे त्यांना हक्क असतोच असे नाही, पण लेखी संमती त्यांच्याकडूनही घ्यायची, आणि त्यात प्रदर्शन, छपाई व नेट हे तीनही उपयोग वेगवेगळे लिहायचे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या चित्रावर संस्थेच्या वापराच्या अटी लागू असतात. मूळ चित्र १८८५ चे असले तरी त्या वाचा, आणि संग्रहाचे नाव व नोंद क्रमांक चित्राखालीच द्या.