स्ट्राँग क्राफ्ट बिअर: तुमचा पहिला घोट कसा होता?

मित्राने बेल्जियमहून 'रोशफोर १०' या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. ३३० मिलीची इवलीशी बाटली आणि ११.३ टक्के अल्कोहोल! आम्ही पडलो 'बाटलीला घाम फुटलेला पायजे' या संस्कारातले, त्यामुळे पहिली फ्रीझरमध्ये टाकली, काढली, ओतली तर चव काय, गोडसर काळं पाणी. वैतागून ग्लास तसाच ठेवला आणि चकण्याची अंडी सोलत बसलो, अर्ध्या तासाने सहज घोट घेतला तर खजूर, मनुका, जरा करपलेला गूळ आणि मग छातीत मस्त ऊब. तोच ग्लास! तर मंडळी, ८ टक्क्यांच्या वरच्या बिअरचे अनुभव येऊद्यात. किती चढली ते नको, चव कशी लागली ते लिहा.

गेंटकर
बेल्जियमात वेस्टव्लेटरेनला बिअर बनवणाऱ्या मठाच्या समोरच 'इन दे व्रेदे' कॅफे आहे, तिथे बसून त्यांची '१२' नावाची बिअर प्यायलोय. पिवळं झाकण, १०.२ टक्के. जगात एक नंबर वगैरे इतकं ऐकलं होतं की पहिल्या घोटाला 'बरं मग?' असंच झालं. चांगलीच आहे हो, पण त्याआधी घेतलेली निळ्या झाकणाची '८' मला जास्त आवडली, ती तोंडात कमी चिकटते. सोबत चीज घ्या, गोडवा कापला जातो.

कडूकारलं
बे एरियात राहतो. सिएरा नेवाडा कंपनीची बिगफूट, बार्लीवाईन (नावात वाईन, पण असते स्ट्राँग बिअरच), ९.६ टक्के. ताजी उघडली आणि आजीचा काढा आठवला, खोटं नाही सांगत. सहातल्या पाच तशाच गराजमध्ये पडून राहिल्या. तीन वर्षांनी एक उघडली तर कडवटपणा बसलेला, पुढे टॉफीसारखा माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची चव. हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणारी फुलं) वास आणि कडूपणा काळाने उतरतो म्हणतात ते जिभेला पटलं. पण एवढा धीर धरणारे आपल्यात किती? मीसुद्धा आवडली नाही म्हणून ठेवली होती :)

सायखाऊ
नवऱ्याने म्युनिकला श्नायडरची आव्हेंटिनुस मागवली, ८.२ टक्के, गव्हाची. मी बिअर पीत नाही, फक्त वास घेतला आणि म्हटलं अरे हे तर लवंग घातलेलं शिकरण! वेटर हसला, म्हणाला केळं नाही आणि लवंगही नाही, सगळी यीस्टची करामत. अर्धा ग्लास मीच संपवला.

धागाकर्ता
@सायखाऊ, शिकरण भारी! यीस्टवरून आठवलं, रोशफोरच्या तळाशी गाळ असतो. मी बाटली उलटी करून शेवटचा थेंबसुद्धा ओतला आणि ग्लास गढूळ करून बसलो. सावकाश ओता, शेवटचं बोटभर बाटलीतच राहूद्या. दुसरी बाटली आता फडताळात उभी आहे, तुपाच्या बरणीशेजारी. बायको रोज विचारते, हे कधी हलणार.