सावाहलुन्तो: कोळसा संपल्यावरचं गाव (जाऊन आलेल्यांनी लिहा)

गेज१०६७

वाफेच्या इंजिनांची चित्रं चाळताना ई१०६० हे इथलं इंजिन दिसलं आणि सावाहलुन्तो डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रातलं डोंगरांच्या वाटीत बसलेलं हे गाव. १८६८ मध्ये द ग्रेव्ह या डच अभियंत्याला ओम्बिलिन नदीच्या खोऱ्यात कोळसा सापडला. १८९२ ला उत्पादन सुरू झालं आणि १८९४ पर्यंत पाडांगच्या बंदरापासून इथवर रूळ आले. २०१९ मध्ये खाण, रेल्वे आणि बंदरातली कोळसा कोठारं अशा तिन्हींची मिळून युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. त्यामुळे नुसतं गाव बघून परतलात तर तिसरा हिस्साच पाहिलात. बंदर पाडांगलाच आहे, तेलुक बायुर. पूर्वीचं नाव एमाहाफेन.

सुरुवात म्हणून एवढंच: दोन रात्री ठेवा. पाडांगहून सकाळी येऊन संध्याकाळी परत, असं बरेच जण करतात आणि बोगदा पाहून निघतात. खरी पाहायची गोष्ट बोगदा नाही, स्वयंपाकघर आहे. बाकीचं जाणकारांनी लिहावं. प्रवासवर्णन नको, उपयोगाचं लिहा.

भटकभवानी

रस्त्याचं मी सांगते. पाडांग ते सावाहलुन्तो शंभर किमीच्या आत, पण तीन तास धरा. वाटेत सितिनजाऊ लाउइकचा घाट लागतो. वळणं इतकी खडी की भरलेला ट्रक एका झटक्यात वळत नाही, आणि तो अडकला की मागे रांग. दुपारनंतर पाऊस नि धुकं. म्हणून सकाळी सातच्या आत पाडांग सोडा.

वाहन: 'ट्राव्हेल' म्हणतात त्या सामायिक गाड्या. घरून उचलतात, दारात सोडतात. हॉटेलवाल्याला सांगितलं की तोच फोन करून जागा धरतो. पुढची सीट मागून घ्या. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी, घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

परतताना बुकितिंगीकडून लेंबाह अनाईच्या दरीतून पाडांगला उतरायचा बेत असेल तर आदल्या दिवशी रस्त्याची चौकशी करा. मे २०२४ च्या पुरात तो रस्ताच वाहून गेला होता. ती दरी पावसात भरवशाची नाही.

निवांत_नाना

ट्रेनने नाही का जाता येत? रेल्वेचं गाव म्हणता ना

गेज१०६७

नाना, नाही. पाडांगहून सावाहलुन्तोपर्यंत प्रवासी गाडी चालत नाही. सावाहलुन्तो ते मुआरो कालाबान एवढ्याच तुकड्यावर 'माक इताम' हे वाफेचं इंजिन अधूनमधून काढतात. तेच ई१०६०. जर्मनीतल्या एस्लिंगन कारखान्यातलं आणि १९६० च्या दशकातलं, म्हणजे वाफेच्या इंजिनांत फारच उशिरा जन्मलेलं. दरम्यानचा लुबांग कालाम बोगदा ८०० मीटरहून लांब आहे. खिडक्या बंद करा, नाहीतर दुसऱ्या टोकाला सगळे एकाच रंगाचे. पण इंजिन त्या दिवशी निघेल यावर बेत आखू नका. स्टेशनातच रेल्वे संग्रहालय आहे, आदल्या संध्याकाळी तिथे विचारा.

आता दात्यांच्या रुळांबद्दल, कारण कोणी विचारलं नाही तरी मी सांगणारच. पाडांगच्या वाटेवरच्या पादांग पान्जांग गावाच्या दोन्ही बाजूंना चढ इतका की नुसतं चाक घसरतं. म्हणून दोन रुळांच्या मधोमध शिडीसारखी पट्टी आणि इंजिनाखाली दातेरी चाक. पद्धत रिगेनबाख. आपल्या निलगिरीची आब्ट: तिथे दोन पट्ट्या शेजारी-शेजारी आणि दात एकाआड एक, त्यामुळे पकड सलग. रिगेनबाखमध्ये शिडीची एकच पट्टी, मजबूत पण सांध्यांचं काम किचकट. आणि इथली खरी डोकेदुखी चढण नव्हती, उतरण होती. भरलेले डबे बंदराकडे, म्हणजे घाट *उतरत* जायचे. इंजिन उताराच्या बाजूला ठेवून सगळा भार त्याच्यावर तोलायचा.

खलबत्ता

झालं, गेज सुरू झाले 😄 आता आम्ही जेवणाचं लिहितो.

गुदांग रान्सुम, हेच ते स्वयंपाकघर. १९१८ चं. खाणीत राबणाऱ्या हजारोंचं अन्न एका जागी शिजायचं, दिवसाला ६५ पिकुल तांदूळ, म्हणजे जवळजवळ ३,९०० किलो. चुली नाहीत! कोळशावरचा बॉयलर वेगळा, तिथून वाफ जमिनीखालच्या नळांतून काहिलींपर्यंत. काहिली सव्वा ते दीड मीटर तोंडाच्या, अजून मांडलेल्या आहेत. वाफेचा फायदा असा की एवढ्या खोल भांड्यात भात थेट जाळावर लावला तर खालचा हातभर करपेल आणि वरचा कच्चा राहील. वाफ शंभराच्या आसपास अडते, करपण्याचा प्रश्नच नाही. आधी बॉयलरची बाजू पहा, मग काहिली, मग उलगडा होतो. उलट क्रमाने गेलात तर नुसती मोठी भांडी दिसतात.

सोमवार टाळा. शुक्रवारी बारा ते दीड नमाजामुळे सगळं थंड असतं, तेव्हा जेवून घ्या.

काजळमाया

बोगद्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. लुबांग म्बाह सुरो: १८९८ चा. लुंतो नदीचं पाणी झिरपायला लागलं आणि वायूही साठायचा, म्हणून १९३० च्या दशकात बंद केला. २००७ मध्ये उपसून पुन्हा उघडला. आत जाण्याचा पट्टा दोनशे मीटरही नाही. समोरच्या इमारतीत हेल्मेट आणि गमबूट देतात. बूट एक माप मोठे घ्या आणि मोजे स्वतःचे, लांब. आत पाणी सतत ठिबकतं, पायऱ्या खड्या नि ओल्या, त्यामुळे उतरताना कठडा सोडू नका. मोबाइलचा दिवा पुरतो, पण मोबाइल गळ्यात अडकवा. हातातून सुटला तर चिखलात. हवा पाइपातून सोडतात, तरी दमट. दम्याचा त्रास किंवा बंद जागेची भीती असेल तर पहिल्या वळणावरून परत फिरायला लाजू नका.

भिंतीत कोळशाचा थर तसाच आहे, चमकदार, कडा धारदार. बोट फिरवलं तर फारसं काळं होत नाही. हलक्या कोळशाचा भुगा होतो, हा तसा नाही. आगबोटींना हाच हवा असायचा.

आणि एक, गावाबाहेर छोट्या खासगी खाणी अजून चालतात. कुणी "आत दाखवतो" म्हणालं तर नाही म्हणा. डिसेंबर २०२२ मध्ये अशाच एका खाणीत स्फोट होऊन १० कामगार गेले. मिथेनला वास नसतो.

सांजवात

ओरांग रान्ताईंचा उल्लेख हवा. साखळदंडातले कैदी, जावा आणि इतर बेटांवरून आणलेले. त्यांच्या कबरींवर नाव नाही, नुसता क्रमांक. बोगदा-बिगदा 'थरार' म्हणून करणाऱ्यांनी आधी तिथे जावं असं माझं स्पष्ट मत. जवळच्या सिलुंगकांगमध्ये जानेवारी १९२७ ला डचांविरुद्ध उठावही झाला होता.

काजळमाया

+१. म्बाह सुरो हे नावही तिथल्या मुकादमाचंच.

निवांत_नाना

शाकाहारी माणसाने तिथे काय करायचं? खरं सांगा, धीर देऊ नका

खलबत्ता

नाना, उपाशी राहणार नाही, पण डोळे उघडे ठेवा. मिनांग (इथल्या स्थानिक लोकांच्या) खानावळीत बसलात की न मागता पंधरा-वीस बश्या टेबलावर मांडतात. ज्या बशीतलं खाल्लं तिचेच पैसे, बाकीच्या परत जातात. पण रस्सा चाखलात तरी ती बशी तुमची. म्हणून बसताक्षणी नको त्या बश्या हाताने बाजूला सारा, म्हणजे हिशेबात घोळ नाही.

तुमच्यासाठी: टॅपिओकाच्या पानांची नारळाच्या दुधातली भाजी, कच्च्या फणसाचा गुलाई (नारळाच्या दुधातला रस्सा), तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, हिरव्या मिरचीचा सांबाल (ठेचा). अडचण दिसत नाही तीच: सांबालात सुकी मासळी, 'तेरी', आणि कोळंबीचा खर्डा, 'तेरासी'. "तानपा इकान, तानपा तेरी, तानपा तेरासी" एवढं पाठ करा (तानपा म्हणजे शिवाय, इकान म्हणजे मासा). फणसाच्या रश्श्यात कधी मांसाचा रस असतो, "तानपा दागिंग" तेही जोडा.

शेजारी पाण्याची वाटी ठेवतात ती हात धुवायला. पिऊ नका 😂 लिंबाची फोड असली तरी नाही.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी: दागिंग म्हणजे मांस, दागिंग सापी म्हणजे गाय-बैलाचं. इथलं नावाजलेलं देन्देंग बातोकोक (पातळ काप भाजून दगडाने ठेचतात, वर हिरवी मिरची नि खोबरेल) त्याचंच. आयाम म्हणजे कोंबडी.

भटकभवानी

ते तेह तालुआ लिहा की

खलबत्ता

अंड्याचा चहा. कपात एक पिवळं बलक नि दोन चमचे साखर, फिकट आणि फुगेपर्यंत घोटायचं. मग वरून उकळता कडक चहा धार धरून, थोडं कंडेन्स्ड मिल्क, शेवटी लिंबाचे चार थेंब. वास आला तर दोनच कारणं, घोटणं कमी पडलं किंवा चहा कोमट होता. बदकाचं अंडं मिळतं, ते पहिल्यांदा नको.

निवांत_नाना

शाकाहारी म्हणालो होतो हो मी 🙏

रानवाटा

निसर्गाचं राहिलं. पुन्चाक चेमारा या टेकडीवरून अख्खं गाव कढईच्या तळाशी दिसतं. सकाळी सहा-साडेसहाला जा, नऊनंतर ऊन आणि धुरकटपणा. गाव खोलगट असल्याने वारा नाही, दुपारी उकाडा मरणाचा. फिरणं सकाळ-संध्याकाळ, संग्रहालयं दुपारी.

कांडीकडे जुन्या उघड्या खाणींत पाणी साठून तळी झाली आहेत. काठ नैसर्गिक तळ्यासारखा हळूहळू उतरत नाही, खाणीच्या पायऱ्यांसारखा एकदम तुटतो. पोहायला उतरू नका, कडेला मुलांना सोडू नका. भोवतालची झाडी खाण बंद झाल्यावर लावलेली, भरभर वाढणाऱ्या जातींची. जुनं जंगल शोधायला गेलात तर हिरमुसाल, पण पक्षी पाण्यावर बरे दिसतात. दुर्बीण ८×४२ पुरे.

पाऊस वर्षभर. त्यातल्या त्यात जून ते ऑगस्ट बरा, ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा.

सांजवात

मशिदीची गंमत सुटली. जुन्या वीजकेंद्राच्या जागी मोठी मशीद आहे, आणि केंद्राचं धुराडं हाच आता मिनार. बाहेरून नीट पहा, खालचा भाग सरळ कारखान्याचा. आत जायचं तर बायकांनी डोकं झाकून, नमाजाच्या वेळा सोडून, विचारून.

पदरकाठ

सिलुंगकांगचं सोंगकेट (जरीचं विणलेलं कापड) घेणार असाल तर: कापड उलटं करा. मागे जरीचे मोकळे धागे लांबलांब धावताना दिसले तर आडव्या जादा बाण्याचं हातमागाचं काम. मागची बाजू अगदी सपाट, छापल्यासारखी असेल तर परत ठेवा. काठाशी विण किंचित कमीजास्त असते, तो दोष नव्हे. घरी आणल्यावर घडी घालू नका, जर घडीवर मोडते. गुंडाळी करून सुती कापडात ठेवा. पाण्यात धुवायचं नाही, सावलीत हवा द्यायची.

निवांत_नाना

व्हिसा?

भटकभवानी

भारतीयांना आगमनावर मिळतो, ३० दिवस, ५ लाख रुपिया. घाबरू नका, १०० रुपयांना साधारण १८ हजार रुपिया येतात. ऑनलाइन आधीच काढला तर रांग वाचते. परतीचं तिकीट नि सहा महिने वैध पासपोर्ट. क्वालालंपूरहून पाडांगला थेट विमान आहे, जकार्ताला वळसा नको. रोख पाडांगलाच काढा.

फणसगरा

खलबत्ता, ते फणसाचं रेन्दांग लिहा ना. इथे विषयाला सोडून आहे हे माहीत आहे.

खलबत्ता

नाही कसं, त्याशिवाय गाव कळत नाही. १ किलो कच्चा फणस, दोन बोटांचे तुकडे, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकडून निथळून. दीड लिटर नारळाचं दूध. वाटण: २५० ग्रॅम छोटे कांदे, दहा लसूण पाकळ्या, १५० ग्रॅम भिजवलेली लाल मिरची, आलं, हळद, गलांगल (आल्यासारखा कंद). सोबत गवती चहाच्या बुडख्यांच्या तीन काड्या, हळदीचं पान आणि आंबटाला आमसूल (तिकडे त्याच कुळातलं आसाम कांडिस घालतात).

वाटण आणि दूध एकत्रच चुलीवर. पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवायचं नाही, नाहीतर दूध फाटतं. मांस असेल तर ते सुरुवातीलाच, पण फणस नाही, त्याचा लगदा होतो. दूध निम्मं आटून पिठल्याएवढं दाट झालं की फणस. मग मंद आच. तेल सुटलं की ती कालियो, बरेच जण इथेच थांबतात. खरं रेन्दांग पुढचा तास: तेलातच परतत तपकिरी-काळपट होईस्तोवर, दर दोन मिनिटांनी तळ खरवडत. जाड बुडाची कढई नसेल तर करू नका.

फणसगरा

डब्यातलं दूध चालेल?

खलबत्ता

चालेल, पण त्यात घट्ट करणारा डिंक असतो काहींत, तेल सुटत नाही. डब्यावर घटक वाचा, नारळ नि पाणी एवढंच हवं. नाहीतर तीन नारळ फोडा.