'द ट्रूमन शो' आणि कुणाच्या तरी नजरेखालचं आपलं जगणं : अनुभव

गेल्या आठवड्यात हर्णैला माहेरी होते. दोन दिवस झड लागलेली. भाचीला सोबत घेऊन पीटर वीअर यांचा १९९८ सालचा 'द ट्रूमन शो' पुन्हा पाहिला. ट्रूमन जन्मापासून एका अवाढव्य घुमटाखाली राहतो. गाव, समुद्र, चंद्र सगळं सेटवरचं. आई, बायको, जिवलग मित्र पगारी नट. सुमारे पाच हजार कॅमेरे, आणि चोवीस तास बघणारं जग. फक्त त्यालाच यातलं काही ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये 'बिग ब्रदर' सुरू झालं. आपल्याकडे २००६ मध्ये हिंदीत 'बिग बॉस' आलं आणि २०१८ मध्ये मराठीत. तिथे माणसं करार करून आत जातात, ट्रूमनला कुणी विचारलंच नव्हतं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

मध्येच भाची म्हणाली, "आत्या, त्याला पाण्याची भीती मुद्दाम घातली?" मुद्दामच. तो बेट सोडून जाऊ नये म्हणून, लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत वडील वादळात बुडाल्याचा प्रसंग रचला. बंदरापासून हाकेच्या अंतरावर बसून हे बघताना माझ्या अंगावर काटा आला. दर्यावरून माणूस परत न आलेली घरं आमच्या आळीत आहेत.

म्हणून ओळखीच्यांना विचारलं : तुम्ही असं कुणाच्या नजरेखाली, कुणी मांडलेल्या चित्रात राहिलात का? की बघणाऱ्यांत होतात? त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते आहे. तुमचंही लिहा.

कणकवलीजवळचं गाव, सध्या डोंबिवली

बाबांना पडवीत चक्कर आली, म्हणून गणपतीला गेलो तेव्हा तीन कॅमेरे बसवून घेतले. खळ्यात, पडवीत, माजघरात. लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर घर बघायचो, बरं वाटायचं. महिन्याभराने लक्षात आलं की दुपारची आई पडवीत दिसत नाही. शेजारच्या काकी रोज पान खायला यायच्या, त्याही दिसेनात. एकदा फोनवर म्हणालो, "आई, सकाळची गोळी घेतली नाहीस, मी बघितलं." ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तू बघतंस म्हटल्यावर माका नीट बसूक लागता." काकी मागच्या दाराने येत होत्या. दोघी न्हाणीपाशी, कॅमेरा पोचत नाही तिथे, दगडावर बसून पान खात होत्या.

चित्रपटात हा सगळा खेळ चालवणारा क्रिस्टॉफ झोपलेल्या ट्रूमनच्या पडद्यावरच्या चेहऱ्यावरून हात फिरवतो. त्याला खरंच वाटत असतं की आपलं याच्यावर प्रेम आहे. ते बघवेना, मी उठून गॅलरीत गेलो. पुढच्या सुट्टीत आतले दोन्ही कॅमेरे काढले. बाबांचं वय बघून खळ्यातला ठेवला. आता रोज सातला फोन करतो. गोळी घेतली असं आई सांगते, मी विश्वास ठेवतो.

गुहागर तालुका

आम्ही दोघं गावच्या जेवणाचे व्हिडिओ करतो. घरात गॅस आहे, व्हिडिओत चूल. बघणाऱ्यांना चूलच हवी असते. त्यावर घर चालतं, त्यामुळे तक्रार नाही. पण चित्रपटात नवरा-बायकोचं भांडण टिपेला पोचलेलं असताना बायको कोकोचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरून त्याचे गुण सांगू लागते, तिथे मी थिजले. एका सकाळी मुलगा तापाने फणफणला होता आणि मी आमसुलांच्या पाकिटाचं लेबल कॅमेऱ्याकडे वळवत होते. हसऱ्या चेहऱ्याने. तो व्हिडिओ मी नंतर काढून टाकला.

रत्नागिरी

मी बघणाऱ्यांतली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा रोज रात्री आम्ही दोघी घरात कोंडलेल्या माणसांचा एक कार्यक्रम बघायचो. आमची आवडती मुलगी बाहेर पडली त्या रात्री जेवण गेलं नाही. पंधरा दिवसांनी दोघींनाही तिचं नाव आठवेना. चित्रपटात शेवटी दोन पहारेकरी ट्रूमनसाठी जिवाच्या आकांताने ओरडतात आणि लगेच दुसरं काय लागलंय ते शोधतात. ते दोघं माझ्या ओळखीचे आहेत.

श्रीवर्धन तालुका

३ जून २०२०, निसर्ग वादळ. छप्पर गेलं, सुपारीची वाडी झोपली. चार दिवसांनी एका वाहिनीची माणसं आली. आजी मोडक्या दारातून आत येऊन पडझड बघत होती. त्यांनी सांगितलं, "आजी, परत एकदा बाहेर जाऊन आत या, आणि ते कपाट उघडा." आजी गेली, आली, कपाट उघडलं. दुसऱ्या खेपेलाही ती खरंच रडली. पण त्या रडण्याची वेळ त्यांनी ठरवली होती. आमचे हाल दिसले तर मदत लवकर येईल, असं वाटून आम्ही कुणीच नको म्हणालो नाही. आजी आता नाही. ती चित्रफीत माझ्याकडे आहे, अजून एकदाही लावलेली नाही.

*(हे वाचून मी दिवसभर दुसरं काही हातात घेऊ शकले नाही.)*

वेंगुर्ला

नाटक म्हणजे फसवणूक नव्हे, एवढं सांगायला लिहितो. जत्रेत दशावतार असला की आम्ही पोरं देवळामागे जाऊन रंग लावताना बघायचो. मिशीवाला माणूस कधी मिशी उतरवून, नऊवारी नेसून राणी होई. रात्रभर तिच्या दुःखाने बायका डोळे पुसत. पहाटे दहीकाला झाला की तीच राणी बनियनवर चहा पीत, पेटारा आवरत बसलेली. करणाऱ्याला ठाऊक, बघणाऱ्याला ठाऊक, म्हणून रडणंही स्वच्छ. ट्रूमनचा मित्र मात्र कानात सांगितलेलं वाक्य बोलतो : मी तुझ्याशी कधीच खोटं बोलणार नाही. मला त्या चित्रपटातलं सगळ्यात क्रूर दृश्य तेच वाटतं.

मालवण

नोव्हेंबर २००९, फयान वादळ. बाबांची होडी दोन रात्री परतली नव्हती. तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्या बंदरात सुखरूप सापडले, पण तेव्हापासून आईने मला होडीत पाय ठेवू दिला नाही. आठ वर्षं. तिची भीती कुणी रचलेली नव्हती, म्हणून तिच्याशी भांडताही येईना. शेवटी एका नारळी पुनवेनंतर मीच निघालो. ट्रूमन वादळात स्वतःला होडीला बांधून घेतो, तेव्हा घरात सगळे श्वास रोखून होते. मी त्याने मारलेली गाठ बघत होतो. मग होडी रंगवलेल्या आभाळाला धडकते आणि तो भिंतीला हात लावतो. आई शेजारीच बसली होती. तिने एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता निघणार?"