प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात: कॉलेज फुटबॉलच्या वाटण्या आणि तुमचे अनुभव

अमेरिकेत शिकायला आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलशी ओळख पहिल्याच सत्रातल्या एखाद्या शनिवारी होते. सकाळपासून सगळे गाव एकाच रंगाचे कपडे घालून एकाच दिशेने चालू लागते आणि संध्याकाळी वाचनालयात चिटपाखरू नसते. खेळाचे नियम समजायला वर्ष लागते. शेजारच्या कोणत्या विद्यापीठाशी आपले हाडवैर आहे, हे मात्र आठवडाभरात कळते.

कॉन्फरन्स म्हणजे मुळात जवळपासच्या विद्यापीठांनी एकमेकांशी नियमित खेळता यावे म्हणून केलेले मंडळ. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांच्या प्रक्षेपण हक्कांवरचे एनसीएएचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे, नियंत्रण मोडून काढले, तेव्हापासून हे हक्क विकण्याचे काम हळूहळू कॉन्फरन्सांकडे आले आणि शेजारापेक्षा बाजार मोठा ठरत गेला. २०२२ मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सने केलेला प्रक्षेपणाचा करार सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. त्यानंतरच्या वर्षभरात काय झाले, ते पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या होतात आणि ओसरीवर दोघेच उरतात, तशी १९१५ पासूनची परंपरा सांगणारी या किनाऱ्यावरची पॅक-१२ ही कॉन्फरन्स, बाकीची विद्यापीठे इतर कॉन्फरन्सांकडे गेल्यावर, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या दोघांपुरती उरली.

आपण कधी प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या आवारात सामना पाहायला गेला असाल, तर तिथे काय पाहिलेत आणि या वाटण्यांनंतर काय बदलले, ते कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

कॉर्व्हॅलिस, ओरेगन

माझी पीएच.डी. ओरेगन स्टेटची. ४ ऑगस्ट २०२३ रोजी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये जाणार असल्याचे एका दिवसात जाहीर झाले, तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. आमच्याकडचे तंत्रज्ञ गृहस्थ तीस वर्षे सामन्यांना जाणारे. त्यांनी बातमी वाचली, हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि काही न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले. ओरेगन विद्यापीठाचे गाव युजीन आमच्यापासून जेमतेम तासाभरावर आहे. ओरेगनशी आमचे सामने १८९४ पासूनचे, आणि दोन्ही गावांत नातेसंबंध इतके, की या वैराला भाऊबंदकी हाच शब्द शोभतो.

२४ नोव्हेंबर २०२३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, एकाच कॉन्फरन्समधले म्हणून शेवटचा सामना युजीनला होता. मी त्याआधी त्यांच्या ऑट्झन स्टेडियमला कधी गेले नव्हते. विद्यापीठाच्या बाजूने जाणाऱ्यांना विलामेट नदीवरचा पादचारी पूल ओलांडावा लागतो. हिरव्या-पिवळ्या गर्दीत केशरी टोपी घातलेली मी एकटी दिसत असणार, कारण पुलाच्या मध्यावर एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या. त्या हिरव्या रेनकोटात होत्या आणि त्यांच्या हातात थर्मास होता. कठड्याशी थांबून त्यांनी मला खालचे पाणी दाखवले आणि म्हणाल्या, “हे पाणी उद्या-परवा तुमच्या गावाला पोहोचेल.” विलामेट उत्तरेकडे वाहते, युजीनहून कॉर्व्हॅलिसला येते. पाच वर्षे त्या नदीकाठी राहूनही मी असा विचार केला नव्हता. त्यांनी थर्मासच्या झाकणात मला कोको दिला आणि त्यांच्या बहिणीचे सासर कॉर्व्हॅलिसचे असल्याचे सांगितले. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात दोन्ही बहिणी या सामन्यावरून वाद घालत आल्या होत्या, आणि आदल्या रात्री प्रथमच दोघींनी तो विषय टाळला होता.

आम्ही ३१–७ असे हरलो. त्याचे दुःख एका रात्रीचे होते. पुढच्या वर्षीचा सामना १४ सप्टेंबरला आमच्या रीझर स्टेडियमवर झाला, आणि तिथे काय हरवले आहे ते मला खऱ्या अर्थाने उमगले. आमच्या दोन्ही विद्यापीठांचे सत्र सप्टेंबरअखेरीस सुरू होते, त्यामुळे नवी मुले गावात यायचीच होती. नोव्हेंबरचा गारठा नाही, हंगामभराच्या हिशेबाचे ओझे नाही, थँक्सगिव्हिंगचे पाहुणे नाहीत. सामना झाला, पण सणाचा दिवस चुकवून केलेल्या सणासारखा झाला.

पुलमन, हल्ली सिॲटल

ताई, सत्राच्या तारखांबद्दल आपण लिहिलेत ते अगदी खरे आहे, आणि ॲपल कपच्या, म्हणजे वॉशिंग्टन स्टेट विरुद्ध वॉशिंग्टन या सामन्याच्या, बाबतीत मी तेच अनुभवले. मी वॉशिंग्टन स्टेटचा, माझी पत्नी सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची. पुलमनहून सिॲटलला यायचे म्हणजे साडेचार-पाच तासांचा रस्ता. पुलमनभोवतीच्या पलूस नावाच्या प्रदेशातल्या गव्हाच्या टेकड्या संपतात, मग ओसाड माळ, मग व्हँटेजला कोलंबिया नदी, मग घाट. दरवर्षी एक गाव दुसऱ्याकडे हा रस्ता तुडवत जायचे. पुलमन लहान आहे. तिथल्या खाणावळी, मोटेल आणि पेट्रोलपंप यांच्या वर्षभराच्या हिशेबात या मोजक्या शनिवारांना फार मोठी जागा असते.

२५ नोव्हेंबर २०२३ चा सामना आम्ही हस्की स्टेडियमवर पाहिला. लेक वॉशिंग्टनच्या काठावर लोक बोटींनी सामन्याला येतात, हे दृश्य मला आजही अद्भुत वाटते. सासरेबुवांसाठी मी पुलमनहून कूगर गोल्ड चीजचा डबा आणला होता. आमच्या विद्यापीठाच्या दुग्धशाळेचे हे चीज पत्र्याच्या डबाबंद रूपात मिळते आणि ते फोडायला साधे कॅन-ओपनर लागते. पार्किंगमध्ये कोणाकडेच ते नव्हते. शेवटी जांभळे जर्किन घातलेल्या एका अनोळखी गृहस्थाने आपल्या गाडीतून काढून दिले, आणि डबा उघडल्यावर त्यांच्यासह आम्ही सहाजणांनी ते तिथेच उभ्याने संपवले.

सामना २१–२१ असा बरोबरीत असताना वॉशिंग्टनने चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, स्वतःच्या २९ यार्ड रेषेवरून धाडसी चाल केली आणि अखेरच्या क्षणी ग्रेडी ग्रॉसने ४२ यार्डांवरून गोल मारून २४–२१ असा विजय मिळवला. पत्नी उड्या मारत होती. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. त्याच्या काही दिवस आधी, १४ नोव्हेंबरला, पुलमनजवळच्या कोलफॅक्स या छोट्या गावातल्या न्यायालयाने पॅक-१२ चा कारभार उरलेल्या दोन विद्यापीठांच्या हाती सोपवला होता. इतक्या मोठ्या संस्थेचे भवितव्य गव्हाच्या शेतांतल्या त्या न्यायालयात ठरावे, याचा मला अभिमान वाटला आणि वाईटही वाटले. २०२४ मध्ये सिॲटललाच लुमेन फील्डवर आम्ही २४–१९ असे जिंकलो. वॉशिंग्टनला शेवटी गोलरेषेपाशीच रोखले. दोन्ही विद्यापीठांनी २०२८ पर्यंत सामने ठरवले आहेत. त्यापुढे ते चालू राहावेत, अशी आमच्या घरात दोघांचीही मनापासून इच्छा आहे.

बर्कली, कॅलिफोर्निया

नमस्कार. मी विद्यार्थिनी नाही, विद्यार्थ्याची आई आहे. कोल्हापूरहून मुलाकडे आले होते, आणि २३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याने मला स्टॅनफर्डविरुद्धचा सामना दाखवला. तिकिटे महाग असल्यामुळे आम्ही स्टेडियमच्या वरच्या टेकडीवर बसलो. तिथून फुकट दिसते म्हणून तिला टाइटवॉड हिल, म्हणजे कंजूष लोकांची टेकडी, म्हणतात. चढ चांगलाच उभा आहे. आमचे गुण झाले की तिथूनच तोफ डागतात. पहिल्यांदा ती कडाडली तेव्हा माझ्या हातातली चिक्की खाली पडली. शेजारच्या स्टॅनफर्डच्या दोन मुलींनी ती उचलून दिली, आणि मग आम्ही तिघींनी वाटून खाल्ली.

या दोन विद्यापीठांत एका कुऱ्हाडीसाठी झुंज असते. ज्या लाकडी फलकावर ती बसवली आहे, त्यावर सगळ्या सामन्यांचे निकाल लिहिलेले असतात. १९८२ चा सामना शेवटच्या क्षणी बँडची मुले मैदानात आलेली असताना बर्कलीने २५–२० असा जिंकला. स्टॅनफर्डवाले तो निकाल मानत नाहीत, म्हणून कुऱ्हाड त्यांच्याकडे गेली की ते फलकावरचा आकडा २०–१९ असा बदलतात आणि परत आली की हे लोक पुन्हा दुरुस्त करतात. त्या दिवशी बर्कली पिछाडीवरून २४–२१ असे जिंकले.

ही दोन्ही विद्यापीठे आता एसीसी या अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये आहेत. फुटबॉलच्या मुलांना वर्षात चार-पाच वेळाच लांब जावे लागते. मुलाच्या वर्गातली व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी मात्र हंगामात पुनःपुन्हा तिकडे जाते, तीन तासांच्या वेळेच्या फरकात झोपते आणि विमानात अभ्यास करते. मी जिल्हा पातळीवर खो-खो खेळलेली आहे. एसटीने इचलकरंजीला जाऊन रात्री घरी परतणे हे आमचे सर्वांत लांबचे ‘बाहेरगाव’ होते. त्या मुलीचा सुजलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटले. फुटबॉलच्या पैशासाठी बाकीच्या खेळांच्या मुलींनी हे का सोसावे, याचे उत्तर मला कोणी नीट दिले नाही.

स्टिलवॉटर, ओक्लाहोमा

मी थोडक्यात लिहितो. ४ नोव्हेंबर २०२३ रोजी बेडलमचा, म्हणजे ओक्लाहोमा विरुद्ध ओक्लाहोमा स्टेटचा, एका कॉन्फरन्समधला शेवटचा सामना आम्ही २७–२४ असा जिंकला. आमच्या स्टेडियममध्ये पहिली रांग मैदानाच्या इतकी जवळ आहे, की तिथली मुले भिंतीच्या गाद्यांवर केशरी फळ्या बडवतात आणि तो आवाज छातीत घुमतो. सामना संपताच लोक मैदानात उतरले आणि गोलपोस्ट आडवे झाले. नॉर्मनला, ओक्लाहोमा विद्यापीठात, शिकणारा माझा मामेभाऊ लाल शर्टात माझ्या शेजारी उभा होता. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, “दादा, आता कधी?” १९०४ पासून चालत आलेल्या सामन्याबद्दल विचारलेल्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

कॉलेज स्टेशन, टेक्सस

आपणा सर्वांचे अनुभव वाचून मला आमच्याकडची गोष्ट लिहावीशी वाटली, कारण आमचे वैर तुटले आणि पुन्हा जोडले गेले.

मी नांदेडचा. २०११ च्या ऑगस्टमध्ये टेक्सस ए अँड एममध्ये आलो. अनोळखी माणसेही ‘हाउडी’ म्हणून नमस्कार करतात आणि सामनाभर कोणी बसत नाही, कारण विद्यार्थी हा संघाचा बारावा खेळाडू मानला जातो, इतकेच मला ठाऊक होते. २४ नोव्हेंबरच्या रात्री आमच्या काइल फील्ड स्टेडियमवर ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाचे लोक आले. पुढच्या वर्षी आम्ही एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समध्ये जाणार असल्याने हा शेवटचा सामना, हे सर्वांना माहीत होते. शेवटच्या काही मिनिटांत आम्ही २५–२४ असे पुढे गेलो, आणि अखेरच्या क्षणी जस्टिन टकरने ४० यार्डांवरून मारलेल्या गोलने टेक्सस २७–२५ असे जिंकले. माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा बराच वेळ जागचे हलले नाहीत. मला त्या खेळाचे निम्मे नियमही कळत नव्हते, तरीही माझा घसा दाटून आला होता.

त्यानंतर १३ वर्षे सामना नाही. अलाबामा आली, लुइझियाना स्टेट आली, मोठे सामने झाले. पण ऑफिसात शेजारी बसणारा माणूस अलाबामाचा नसतो, तो ऑस्टिनचा असतो. दोन-अडीच तासांवरच्या शेजाऱ्याशी बोलायला विषयच उरला नव्हता.

ज्या वाटण्यांनी इतरांची घरे मोडली, त्याच वाटण्यांनी २०२४ मध्ये टेक्ससला एसईसीत आणले आणि आमचे घर पुन्हा सांधले. हे लिहिताना मला ओरेगन आणि ओक्लाहोमाच्या मंडळींसमोर संकोच वाटतो. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो. काइल फील्डवर त्या रात्री १,०९,०२८ प्रेक्षक होते. टेक्सस १७–७ असे जिंकले. पुन्हा हरलो, आणि तरीही परत येताना मी समाधानी होतो.

मुलीला त्याआधी दुपारी मी बॉनफायर स्मारकापाशी नेले होते. टेक्ससशी होणाऱ्या सामन्याआधी इथले विद्यार्थी ओंडक्यांची प्रचंड रास रचून पेटवत असत. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे ती रचताना कोसळली आणि १२ जण मृत्युमुखी पडले. आठवड्याभरानंतरच्या सामन्यात टेक्ससच्या बँडने मध्यंतरात टोप्या काढून श्रद्धांजलीची धून वाजवली होती. ही गोष्ट इथले जुने लोक आजही मान खाली घालून सांगतात. स्मारकाला वर्तुळात १२ दरवाजे आहेत. प्रत्येकाच्या आत ब्राँझमध्ये एकेक चेहरा कोरलेला आहे आणि प्रत्येक दरवाजा त्या विद्यार्थ्याच्या गावाच्या दिशेला उघडतो. तिथे गडद नारिंगी सदरा घातलेले एक गृहस्थ टोपी छातीशी धरून एकेका दरवाज्यात थांबत होते. ते बाराही दरवाज्यांत थांबले. मुलीने हळूच विचारले, “बाबा, हे काका तर त्यांच्या बाजूचे आहेत ना?” मी हो म्हणालो. त्यांनी ते ऐकले की नाही कोण जाणे, पण आमच्याजवळून जाताना ते तिला ‘हाउडी’ म्हणाले.

मॉर्गनटाउन, वेस्ट व्हर्जिनिया

आम्हालाही तुटलेला सामना परत मिळाला, पण वाटण्यांमुळे नव्हे. पिट्सबर्ग आणि वेस्ट व्हर्जिनिया या विद्यापीठांतला बॅकयार्ड ब्रॉल, म्हणजे परसदारचे भांडण, १८९५ चा. २०११ नंतर ते एसीसीकडे आणि आम्ही बिग ट्वेल्व्हकडे गेल्याने तो थांबला. आजही कॉन्फरन्स वेगळ्याच आहेत. तरीही दोघांनी आपापल्या वेळापत्रकात जागा काढली आणि १ सप्टेंबर २०२२ रोजी पिट्सबर्गला ७०,६२२ लोकांसमोर तो पुन्हा सुरू झाला. आम्ही मॉर्गनटाउनची चार मराठी कुटुंबे एरवी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरासाठी त्याच रस्त्याने जातो. त्या दिवशी आधी दर्शन घेतले, प्रसादाचा दहीभात खाल्ला आणि निळे-पिवळे शर्ट गाडीतच बदलून स्टेडियमला गेलो. ३८–३१ असे हरलो. २०२५ मध्ये आमच्या गावी ३१–२४ असे जिंकलो, तेव्हा पिट्सबर्गची मंडळी आमच्या घरी मुक्कामाला होती. यापुढची मालिका २०२९ पासून आहे. तोवर त्यांनी नवरात्रात यायचे आणि आम्ही मंदिराला जाताना त्यांच्याकडे जेवायला थांबायचे, असे त्याच रात्री ठरले आहे.