मोबाईल बापाजवळ वावरात, पोर घरी: अशा वर्गाला शिकवायचं कसं?

पायथ्याची शाळा (चोपडा तालुका), 8 जुलै 2020

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथी मिळून 47 मुलं, त्यातली तिसरी-चौथीची 23 माझ्याकडे. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाली ती झालीच. परीक्षा रद्द झाल्या, सगळी मुलं वरच्या वर्गात गेली. 15 जूनपासून 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत आम्हीही कामाला लागलो आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप केला. 23 पैकी 11 घरांचे नंबर त्यात आले. रोज पाठवलेलं उघडून बघतात ती चार-पाच घरं.

दुपारी फोन लावला की बापच उचलतो. "मॅडम, मी वावरमा शे, पोर घर शे." सध्या कपाशीची निंदणी-कोळपणी चालू आहे, तो तरी काय करणार? संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बॅटरी संपलेली असते, नाहीतर दीड जीबी मोठ्या भावाने वापरून टाकलेलं असतं.

नऊ मुलं पाड्यावरची आहेत. घरी पावरी बोलतात, मराठी त्यांच्या कानावर पडते ती फक्त शाळेत. म्हणजे त्यांची नुसती पुस्तकं बंद नाहीत, भाषाच चार महिने बंद आहे. हे वरून येणाऱ्या कुठल्याच तक्त्यात भरायला रकाना नाही.

गेल्या आठवड्यात पोषण आहाराचे तांदूळ वाटले. एक मुलगी आजीबरोबर आली होती. वर्गाच्या फळ्यावर अजून मार्चची तारीख आणि त्या दिवशीचं शेवटचं वाक्य तसंच आहे, मी पुसलेलं नाही. तिला म्हटलं, वाच बरं. फेब्रुवारीत ती जोडाक्षरं वाचायला लागली होती, धडा वाचून झाला की मागे वळून सगळ्यांकडे बघायची. त्या दिवशी 'रस्त्यावर' या शब्दाला अडली. र, स, असं पुटपुटली आणि पिशवीच्या नाडीशी खेळत खाली बघत राहिली. त्या दिवसापासून मला चैन नाही.

कुणी प्रत्यक्ष काय केलं ते सांगा. ॲपची यादी कृपया नको, ती माझ्याकडे आहे.

---

जळगावचा गणितशिक्षक, 8 जुलै 2020

ताई, यादी देत नाही, एवढंच सांगतो. दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ आणि बालभारतीच्या पीडीएफ शाळेत किंवा तालुक्याला चांगलं नेटवर्क असेल तिथे उतरवून घ्या आणि मेमरी कार्डवर भरून द्या. साध्या मोबाईलमध्येही कार्ड चालतं, आवाज तरी ऐकता येतो. एक कार्ड आठवड्याला चार घरं फिरतं. माझ्याकडे शहरातली मुलं असूनही ग्रुपपेक्षा हे जास्त चाललं, कारण एका घरात तीन भावंडं आणि फोन एक.

---

केळीपट्ट्यातला मास्तर (यावल तालुका), 9 जुलै 2020

ताई, तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली. मी 22 वर्षं शिकवतोय, सध्या चौथीला 26 मुलं आहेत. आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमच्या हातून ती होणार नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी ग्रुपवर रोज लिहायचो, आज अमुक इतकी मुलं हजर, शाबास. एका बापाने शेळी विकून मोबाईल घेतला. मला कळलं तेव्हा मी ग्रुपवर त्यांचं कौतुक केलं, 'इतर पालकांनीही आदर्श घ्यावा' असं लिहिलं. दोन दिवसांनी एक बाई शाळेच्या फाटकाशी आल्या. त्यांचा मुलगा जेवत नव्हता, मला मोबाईल पाहिजे म्हणून अडून बसला होता. एप्रिलमध्ये केळीच्या मालाला उठाव नव्हता, हाताला काम नव्हतं, दुकानदाराची उधारी चढलेली. त्या बाईंनी मला एक शब्द वाकडा बोलला नाही. फक्त विचारलं, "सर, मोबाईल नसेल तर नाव कमी होईल का?" मी वर्गात कुणाला कधी दप्तरावरून, चपलेवरून बोललो नाही, आणि इथे एका वाक्यात दोन घरांत रडारड लावली. ती पोस्ट काढून टाकली. हजेरी लिहिणं त्या दिवसापासून बंद केलं.

मग वेळ बदलली. आमच्याकडे केळी कापणीच्या टोळ्या पहाटे निघतात, बाया निंदणीवरून सहाला परततात, मग चूल. आठ ते नऊ हा एकच तास असा आहे की फोन आणि मूल एका छपराखाली असतात. मी रोज रात्री चार घरी फोन करतो. व्हिडिओ नाही, साधा फोन, मीच लावतो, म्हणजे त्यांचा पैसा जात नाही. बटणांचा फोनही चालतो. ज्यांच्याकडे तोही नाही त्यांचे शेजारी आधी विचारून ठरवलेत. पाच-सात मिनिटं मुलाने मोठ्याने वाचायचं, मी ऐकायचं. 26 मुलं आठवड्याभरात बरोबर होतात. पहिली दोन मिनिटं मात्र अभ्यासाची नसतात. काय जेवलास, गाय व्याली का, घरात कुणाला ताप नाही ना? त्याशिवाय मूल वाचायला तोंड उघडत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मला एका आईने शिकवली. मी पालकांना सांगत होतो, रोज मुलाचं वाचन घ्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, माले वाचता येत नही, पन पोर कोठे अटकनी ते माले समजस." मी म्हटलं, मग जिथे अडेल तिथे खूण करा. पुढच्या सोमवारी तिचं पुस्तक माझ्या हातात आलं तर पानावर टिकल्या. कपाळाला लावायच्या लाल, बारक्या, पाकिटातल्या. मुलगी ज्या शब्दावर थांबली त्या शब्दावर आईने टिकली चिकटवलेली. एका धड्यात 14. 'प्रश्न', 'ग्रामपंचायत', 'व्यवहार', सगळी जोडाक्षरं. मी चार महिने चाचण्या घेऊनही इतका नेमका अहवाल मला मिळाला नसता. ती बाई अक्षर ओळखत नाही, पण रोज रात्री चुलीपुढे बसून लेकीचा श्वास कुठे अडतो ते ऐकते. त्यानंतर मी त्या मुलीला पाच दिवस फक्त ती 14 जोडाक्षरं दिली. दुसऱ्या धड्यात टिकल्या सहावर आल्या.

आता माझ्या वर्गातल्या 17 घरी हे चालतं. टिकली नसेल तिथे पेन्सिलची रेघ. पाकिटं मीच आणून देतो, दहा रुपयाला मिळतं.

स्वाध्याय पत्रिका मी हाताने लिहितो. झेरॉक्सची दुकानं बंद होती म्हणून सुरुवात केली, आता मुद्दाम लिहितो, कारण प्रत्येक घराचा हिशेब वेगळा टाकता येतो. आईने चार दिवस निंदणी केली तर मजुरी किती, घडात फण्या नऊ आणि एका फणीला 14 केळी तर घडाची केळी किती. अमळनेरच्या छात्रालयातल्या मुलांसाठी साने गुरुजी हाताने लिहून रोजचं दैनिक काढायचे. आपल्याच खान्देशात कुणी एके काळी रोज हे केलंय, तर मला आठवड्याला 26 कागद जड नाहीत. धान्य वाटपाच्या दिवशी तांदळाबरोबर पत्रिका द्यायची आणि मागची परत घ्यायची. त्या दिवशी पालक येतातच.

जमेल तेव्हा तीन-चार मुलांना एखाद्या ओट्यावर बसवून मी तासभर शिकवतो. बाकी तुमच्या पाड्यावरच्या मुलांचं मला उत्तर सुचत नाही. माझ्याकडे तडवी मुलं आहेत, पण ती मराठी बोलतात.

---

आशाताई (पारोळा तालुका), 9 जुलै 2020

मी शिक्षिका नाही, आशा सेविका आहे. घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरते. सरांचं सगळं पटलं, पण ओट्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत, कुणाला दमा किंवा साखर आहे, त्या घराचा ओटा घेऊ नका. मुलांना बहुतेक वेळा फार त्रास होत नाही, पण ती आजार घरी घेऊन जातात. आपल्या जिल्ह्यात म्हातारी माणसं किती गेली ते मी रजिस्टरमध्ये लिहिते. त्यापेक्षा मोकळं अंगण किंवा मारुतीचा पार घ्या, मुलं हातभर लांब बसवा आणि आधी गावातल्या आशाला विचारा. कुठल्या गल्लीत काय चाललंय ते तिला माहीत असतं.

आता आई म्हणून. माझा मुलगा सातवीत, तालुक्याच्या एका खाजगी शाळेत. घरात एकच मोबाईल, तो सर्व्हेसाठी माझ्याजवळ. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी बंद पडली तेव्हा आमचा कापूस जूनपर्यंत घरातच होता. पुढची खोली छतापर्यंत भरलेली. मुलगा त्या ढिगावर बसून वही मांडीवर घेऊन लिहायचा आणि रात्रभर अंग खाजवायचा. त्याचा वर्ग अकराचा, मी अकराला कुणाच्या तरी दारात उभी. शाळेने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फी बाकी असलेल्यांची यादी टाकली. तो मला काही बोलला नाही. रात्री मोबाईल उघडला तर त्याने स्वतःच ग्रुप सोडलेला.

मला शाळेकडून फार नको आहे. एक फोन यावा, त्यात त्याचं नाव घ्यावं आणि विचारावं, बाळा, कुठपर्यंत आलास? चार महिन्यांत एकदाही आला नाही. सर तुम्ही 26 घरी करता, ते वाचून माझे डोळे भरले.

---

केळीपट्ट्यातला मास्तर, 10 जुलै 2020

आशाताई, ओट्याचं चुकलंच. आज आमच्या गावच्या आशांना विचारलं, त्यांनी दोन ओटे लगेच बंद करायला लावले. आता शाळेचंच अंगण वापरतो, लिंबाखाली, एका वेळी चार मुलं. मुलाचं पुस्तक कुठलं आणि कुठे अडलाय ते इथे लिहा. मराठी आणि गणित मी रात्री नऊनंतर फोनवर घेईन, शाळा वेगळी असली म्हणून काय झालं.

---

पायथ्याची शाळा, 30 ऑगस्ट 2020

उत्तर द्यायला उशीर झाला. मध्ये चेकपोस्टची ड्युटी लागली, मग कानबाई, पोळा, गणपती.

रात्री आठचा फोन सुरू केला. पहिल्याच आठवड्यात 23 पैकी 18 मुलांचा आवाज ऐकला. मला वाटलं होतं मुलं लाजतील, पण ती फोनची वाट बघत बसतात. एका घरी उशीर झाला तर मुलाने बापाला मिस्ड कॉल द्यायला लावला. ग्रुप ठेवलाय, पण त्यावर आता फक्त निरोप टाकते.

टिकल्या आमच्याकडे सगळ्या घरी चालल्या नाहीत. दोन घरी बापांना आवडलं नाही, पुस्तक खराब होतं म्हणाले. तिथे आजी ज्वारीचा दाणा ठेवते आणि मी फोन केला की दाणा कुठल्या शब्दावर आहे ते मूल सांगतं. सह्याद्री वाहिनीवर 20 जुलैपासून टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागते, ती ज्यांच्याकडे टीव्ही आहे ती सात-आठ मुलं बघतात. वीज असली तर.

पाड्याचं उत्तर पाड्यावरच मिळालं. तिथली एक मुलगी यंदा दहावी झाली, भूगोलाचा पेपर रद्द झालेली हीच बॅच. 29 जुलैला निकाल लागला, अकरावीचा प्रवेश अजून व्हायचाय, तोवर ती घरी शेळ्या राखते. मी तिला विचारलं, रोज एक तास देशील का? ती सकाळी शेळ्या सोडायच्या आधी नऊ मुलांना तीन-तीन करून अंगणात घेते. आधी गोष्ट पावरीत सांगते, मग तीच मराठीत. मी गेले तेव्हा एक मुलगा तिला पावरीत विचारत होता, तिने मला अर्थ सांगितला. त्याला विचारायचं होतं की पुस्तकातल्या मुलाच्या घरासमोर नदी का नाही. 11 वर्षांच्या नोकरीत या मुलांनी मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारला असेल तरी मला कळला नसेल. तिला मानधन द्यायला कुठलंच हेड नाही. आम्ही दोघं शिक्षक महिन्याला पाचशे-पाचशे काढतो आणि तिची अकरावीची पुस्तकं मी घेतली.

तांदूळ घ्यायला परवा ती आजी आणि नात पुन्हा आल्या. मी काही विचारलं नाही. पिशवी भरेपर्यंत ती स्वतःच वर्गात शिरली आणि फळ्यासमोर उभी राहिली. 'रस्त्यावर' वाचलं. पुढे 'स्वच्छता' होतं, तिथे अडली. आजीने कनवटीला हात घातला, दाणा नव्हता. मग आजीनेच जाऊन त्या शब्दावर बोट ठेवलं.

सर, एक विचारायचं राहिलं. दिवाळीनंतर माझी सहा घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलांसकट, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. एरवी ती मुलं तेवढे महिने आपल्या हातातून सुटतातच. पण यंदा आपण फोनवर शिकवतोच आहोत, तर तिकडेही फोन लागेल ना? मुकादमाचे नंबर आत्ताच घेऊन ठेवते. पत्रिका मात्र तिकडे कशा पोचवायच्या ते सुचत नाही, तुमच्याकडे कुणी जातं का? उद्या सोमवार, नऊ पत्रिका लिहायच्या राहिल्यात. त्या झाल्या की उत्तर बघते.