मदत हवी आहे: हृदयाच्या स्पेक्ट स्कॅनमध्ये खालची भिंत खोटी फिकी दिसते

मंडळी, कोल्हापुरात न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे. स्पेक्ट स्कॅनसाठी (शरीरातल्या किरणोत्सर्गी औषधाची त्रिमितीय प्रतिमा) टोचलेलं टेक्नेशियम-९९एम सेस्टामिबी हे औषध यकृतातून आतड्यात उतरतं आणि नेमकं हृदयाच्या खालच्या भिंतीला खेटून चमकतं. फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन (कॅमेऱ्याच्या नोंदींतून प्रतिमा उभारायची गणिती पद्धत) केलं की शेजारची भिंत फिकी! रक्तपुरवठा खरंच कमी आहे की गणिताचा खेळ, कळत नाही. ओएसईएमने (फेरीगणिक अंदाज सुधारत प्रतिमा उभारायची पद्धत) बरंच सुधारतं, पण इटरेशन, म्हणजे या फेऱ्या, वाढवले की प्रतिमा दाणेदार होते. बटरवर्थ या दाणेदारपणा घालवणाऱ्या फिल्टरचा कटऑफ उतरवला तर सगळंच पुसट.

तुम्ही इटरेशन आणि सबसेट (प्रत्येक फेरीत नोंदींचे पाडलेले गट) किती ठेवता? की सरळ पेशंटला पाणी पाजून, थोडं चालायला लावून पुन्हा स्कॅन घेता? आमचे पेशंट चंदगड-गडहिंग्लजचे, परतीच्या एसटीकडे डोळे लावून बसलेले. जास्त थांबवता येत नाही. पालथं झोपवून कुणी घेतं का? कॅमेऱ्याला सीटी जोडलेलं नाही, हे धरून सांगा.